दुकानात पाणी शिरलं तरी उधारीची वही कोरडी राहिली पाहिजे! छोट्या व्यवसायाचा आपत्ती आराखडा आणि डेटा बाहेर ठेवण्याची रीत



२५ सप्टेंबर २०१९ ची रात्र पुणेकरांना आठवून द्यावी लागत नाही. काही तासांच्या पावसात आंबिल ओढा असा काही फुगला, की सहकारनगर, अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनी या भागात घरांत, सोसायट्यांत, दुकानांत पाणी घुसलं. पुणे परिसरात वीसहून अधिक माणसं गेली. त्यापुढे दुकानाचं नुकसान ही लहान गोष्ट, हे अगदी मान्य. पण जो वाचतो त्याला दुसऱ्या दिवशी शटर वर करावंच लागतं. चिखल उपसून होतो, आणि मग पुढचा प्रश्न येतो. कॉम्प्युटर चालू होईल का? नाही झाला, तर कोणाकडून किती येणं आहे हे कुठे बघायचं?

या वेळच्या व्हिडिओत मी याच प्रश्नावर बोलले आहे. व्हिडिओत वेळ कमी पडतो, म्हणून आकडे, उदाहरणं आणि करायच्या गोष्टी इथे सविस्तर देते. कागद-पेन घेऊन वाचा. शेवटी तुमच्या हातात एक पानी आराखडा तयार असेल.

आधी माझीच फजिती सांगते

मी सगळ्यांना "बॅकअप घ्या, बॅकअप घ्या" सांगणारी बाई. स्वतःही घेत होते. दर शनिवारी लॅपटॉपवरचं सगळं पेन ड्राइव्हवर कॉपी करायचे. बॅचची यादी, फीचा हिशेब, कोणी किती हप्ते भरले, सगळं. आणि तो पेन ड्राइव्ह ठेवायचे कुठे? लॅपटॉपच्याच बॅगेत, पुढच्या कप्प्यात. म्हणजे कुठेही जायचं झालं तरी हाताशी!

एकदा प्रवासात ती बॅग चोरीला गेली. लॅपटॉप गेला, त्याच्याबरोबर बॅकअपही गेला. लॅपटॉप मी महिनाभरात नवीन घेतला. पण कोणाची किती फी बाकी आहे हे मला विद्यार्थ्यांनाच फोन करून विचारावं लागलं. बहुतेकांनी प्रामाणिकपणे सांगितलं. काहींना "नक्की आठवत नव्हतं". त्या पैशांचं पुढे काय झालं हे तुम्ही ओळखलंच असेल.

त्या दिवशी मी जे शिकले तेच या लेखाचं सार आहे: मूळ आणि प्रत एकाच संकटात सापडत असतील, तर तुमच्याकडे प्रत नाहीच. आणि ती प्रत उघडून बघितलेली नसेल, तर ती आहे असं धरून चालू नका.

तुमच्या व्यवसायात डेटा म्हणजे नेमकं काय?

"मॅडम, आमचा छोटा धंदा. आमच्याकडे कसला डेटा?" हे वाक्य मी प्रत्येक बॅचमध्ये ऐकते. चला, मोजू या.

समजा तुमची महिन्याची विक्री ६ लाख आहे आणि गिऱ्हाइकं सरासरी ४५ दिवसांनी पैसे देतात. म्हणजे कुठल्याही दिवशी बघितलं तरी तुमचे साधारण ९ लाख रुपये बाजारात अडकलेले असतात. हे ९ लाख कोणाकडे, कोणत्या बिलाचे, कधीपासूनचे, हे फक्त तुमच्या टॅलीत किंवा एक्सेलच्या शीटमध्ये लिहिलेलं आहे. ती फाइल गेली, की ते ९ लाख समोरच्याच्या स्मरणशक्तीवर अवलंबून.

काही जण म्हणतात, "जीएसटी पोर्टलवर असतं की सगळं." सगळं नसतं. तुम्ही भरलेल्या विवरणपत्रांतून विक्रीची बिलं सापडतील, पुरवठादारांनी भरलेली खरेदीही दिसेल. पण कोणी पैसे दिले आणि कोणी दिले नाहीत, हे पोर्टलला माहीत नाही. विक्री सरकारकडे नोंदलेली आहे, वसुली फक्त तुमच्याकडे.

म्हणून आधी तीन रकाने करा.

एक, गेलं तर पैसा बुडेल: उधारीचा हिशेब, बिलं, स्टॉकचं रजिस्टर, ऑर्डरी.

दोन, गेलं तर काम थांबेल: डिझाइनच्या फाइल्स, दरपत्रकं, रेसिपी किंवा फॉर्म्युले, गिऱ्हाइकांचे आणि पुरवठादारांचे फोन नंबर, पासवर्ड.

तीन, गेलं तर त्रास होईल, पण परत मिळेल: उद्यम प्रमाणपत्र, शॉप ॲक्ट, पॅन, भाडेकरार.

बहुतेक छोट्या व्यवसायांचा पहिल्या दोन रकान्यांतला मजकूर मिळून एका पेन ड्राइव्हच्या कोपऱ्यात बसतो. म्हणजे सांभाळायचं फार थोडं आहे. अडचण जागेची किंवा खर्चाची नाही. अडचण ही आहे, की ते काम कोणाच्याच नावावर लिहिलेलं नाही.

संकट कुठून येतं? पुण्याकडेच बघा

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. आपल्याच शहरात ठेचा भरपूर आहेत.

पाणी. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला, आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. ती आजी-आजोबांची गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. २०१९ चा आंबिल ओढा झाला, आणि २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत सोसायट्यांमध्ये पाणी शिरलं. तुमचं ऑफिस तळमजल्यावर किंवा बेसमेंटमध्ये असेल आणि सीपीयू जमिनीवर टेकलेला असेल, तर तो आजच वीटभर नाही, टेबलभर वर उचला. या कामाला एक रुपया लागत नाही.

आग. २६ मार्च २०२१ च्या रात्री कॅम्पातल्या फॅशन स्ट्रीटला आग लागली आणि पाचशेच्या आसपास दुकानं जळाली. आगीत एक गोष्ट लक्षात घ्या. आग तुमच्याकडे लागावी लागत नाही, शेजाऱ्याकडे लागली तरी पुरते. आणि तुमचं दुकान, शेजारचं गोडाऊन आणि वरचं घर एकाच इमारतीत असेल, तर "एक कॉपी घरी ठेवतो" याला काही अर्थ उरत नाही.

चोर, पण कॉम्प्युटरमधला. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला. ११ तारखेला २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले, १३ तारखेला हाँगकाँगच्या एका खात्यात रक्कम वळवली गेली. एकूण ९४ कोटी ४२ लाख रुपये. ११ ऑगस्ट हा दुसरा शनिवार होता, म्हणजे बँकेच्या सुट्टीचा दिवस. आपल्याकडे एवढी रक्कम नाही म्हणून निर्धास्त राहू नका. छोट्या व्यवसायांवर येणारं संकट असतं रॅन्समवेअरचं. कुठल्यातरी मेलमधल्या "इन्व्हॉइस"वर क्लिक होतं, सगळ्या फाइल्सना कुलूप लागतं, आणि स्क्रीनवर खंडणीची चिठ्ठी येते.

आणि सगळ्यात नेहमीचं संकट: हार्ड डिस्क मरणं, चहा सांडणं, लाइट जाऊन फाइल बिघडणं, नव्या मुलाने चुकून फोल्डर उडवणं, किंवा हिशेब बघणारा माणूस भांडून निघून जाणं आणि पासवर्ड त्याच्याच डोक्यात असणं. याची बातमी पेपरात येत नाही, पण पूर आणि आगीपेक्षा धंदे यानेच जास्त वेळा अडतात, हा माझा बॅचमधला अनुभव.

दोन प्रश्न, ज्यांची उत्तरं फक्त मालक देऊ शकतो

मोठ्या कंपन्यांत आपत्ती नियोजनाचे जाडजूड दस्तऐवज असतात. आपल्याला दोन प्रश्न पुरतात.

पहिला: किती दिवसांचं काम पुन्हा करायची तुमची तयारी आहे?
समजा तुम्ही रोज ४० बिलं करता आणि बॅकअप फक्त रविवारी घेता. शनिवारी संध्याकाळी मशीन बसलं. सहा दिवसांची २४० बिलं गेली. एक बिल पुन्हा भरायला ५ मिनिटं धरली, तर २० तासांचं काम. तेही बिलांच्या कागदी प्रती असतील तर! हे परवडत नसेल, तर बॅकअप रोज. दिवसाला दोनच बिलं होत असतील, तर आठवड्याला एकदा चालेल.

दुसरा: धंदा किती वेळ बंद राहिलेला चालेल?
केकची ऑर्डर घेणाऱ्या ताईंचा फोन एक दिवस बंद राहिला, तर त्या दिवसाचं गिऱ्हाईक दुसरीकडे जातं. वर्कशॉपवाल्याला दोन दिवस बिल नाही करता आलं तरी मशीन चालू असतं. ज्याला एक तासही थांबता येत नाही, त्याला तयार दुसरा लॅपटॉप किंवा ऑनलाइन बिलिंग लागतं. ज्याला दोन दिवस चालतात, त्याने उगाच महागडी सेवा घेऊ नये.

ही दोन उत्तरं लिहून काढल्याशिवाय कुठल्याही डेटा स्टोरेजवाल्याचा फोन घेऊ नका. नाहीतर तुमच्या गरजेऐवजी त्याचं टार्गेट पूर्ण होईल.

घरच्या घरी काय करायचं?

जगभर एक सोपा नियम वापरतात. एका अमेरिकन फोटोग्राफरने तो फोटो सांभाळण्यासाठी मांडला आणि सगळ्यांनी उचलला. तीन, दोन, एक: डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या जागी.

आपल्या भाषेत:

१. मूळ तुमच्या कॉम्प्युटरवर.
२. दुसरी प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर. बॅकअप घेऊन झाला की ही डिस्क काढून ठेवा. लावूनच ठेवली, तर रॅन्समवेअर मूळ फाइलबरोबर तिलाही कुलूप लावतं.
३. तिसरी प्रत दुसऱ्या जागी, म्हणजे क्लाउडवर किंवा दुसऱ्या भागात राहणाऱ्या नातेवाइकाकडे.

टॅली प्राइम वापरणाऱ्यांसाठी: ऑल्ट धरून वाय दाबा, डेटाच्या मेनूत बॅकअप हा पर्याय येतो. इथे दोन चुका मी सतत बघते.

पहिली चूक, बॅकअप "डी ड्राइव्ह"वर घेणं. बहुतेक मशीनमध्ये सी आणि डी ही एकाच डिस्कची दोन नावं असतात. एकाच घराला मधे भिंत घातली म्हणून दोन घरं होत नाहीत. डिस्क गेली की दोन्ही गेले.

दुसरी चूक, बॅकअप परत आणून बघताना तो चालू डेटाच्याच फोल्डरवर सोडणं. त्याने आजचा डेटा पुसून जुना येऊ शकतो. रिस्टोअर करून बघायचं असेल, तर नेहमी वेगळा फोल्डर किंवा वेगळं मशीन.

एक सोय तर तुमच्याकडे आधीच आहे. तुमच्या सीएकडे दर महिन्याला टॅलीचा बॅकअप जातो ना? मग तो "सीएला पाठवायचा म्हणून" पाठवू नका. "ही माझी दुसऱ्या जागेची प्रत" असं समजून, तारीख टाकून पाठवा आणि पाठवलेला मेल जपून ठेवा.

मोबाइल विसरू नका. निम्म्या ऑर्डरी व्हॉट्सॲपवर असतात. व्हॉट्सॲपचा बॅकअप चालू आहे का, आणि तो कोणत्या जीमेल खात्यावर जातो, हे आत्ता बघा. गूगलच्या मोफत खात्यात १५ जीबी जागा असते, आणि त्यात जीमेल, ड्राइव्ह, फोटो सगळे वाटेकरी. लग्नाचे फोटो आणि गुड मॉर्निंगचे व्हिडिओ साठून जागा भरली, की बॅकअप गुपचूप थांबतो. धंद्यासाठी वेगळं खातं काढा. शंभर जीबी जागा महिन्याला शे-दीडशे रुपयांत मिळते.

ड्राइव्हला फोल्डर जोडला म्हणजे बॅकअप झाला का?
पूर्ण नाही. जोडलेला फोल्डर आरशासारखा असतो. इथे फाइल उडवली, तर तिथेही उडते. इथे रॅन्समवेअरने कुलूप लावलं, तर कुलूप लागलेलीच फाइल वर जाते. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये उडवलेली फाइल ३० दिवस राहते, म्हणजे चूक ३१ व्या दिवशी कळली तर खेळ संपला. म्हणून महिन्यातून एकदा तारखेच्या नावाने वेगळी प्रत काढून ठेवायचीच.

डेटा बाहेर सांभाळायला देणं: कधी आणि कोणाला?

चार-पाच माणसं एकाच वेळी काम करायला लागली, दोन शाखा झाल्या, किंवा घरून बिलिंग करायची गरज पडली, की बाहेरची सेवा घेणं योग्य ठरतं. साधारण तीन प्रकार मिळतात.

फक्त साठवण: ड्राइव्ह, वनड्राइव्ह यांसारख्या सेवा. फाइल ठेवा, फाइल घ्या. स्वस्त.

टॅली ऑन क्लाउड किंवा ऑनलाइन बिलिंग: सॉफ्टवेअर आणि डेटा दोन्ही दुसऱ्याच्या सर्व्हरवर, तुम्ही इंटरनेटवरून वापरता. दर माणशी मासिक भाडं.

सगळं सांभाळणारा: एखादी स्थानिक आयटी फर्म तुमचे कॉम्प्युटर, बॅकअप, अँटीव्हायरस सगळं बघते आणि वर्षाचं कंत्राट घेते.

पुण्यातल्या माणसाने एक गंमत लक्षात ठेवावी. "क्लाउडवर आहे" म्हटलं की आपल्याला वाटतं डेटा अमेरिकेत गेला. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये भारतात जी तीन डेटा सेंटर केंद्रं सुरू केली, ती पुणे, मुंबई आणि चेन्नईला. ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईला आणि २०२२ मध्ये हैदराबादला. म्हणजे तुमचा क्लाउड कदाचित तुमच्याच शहरात असेल! तो चांगला बांधलेलाच असणार. तरी मूळ प्रत पुण्यात असेल, तर दुसरी पुण्याबाहेर मागा. पर्याय आहेत.

बाहेर दिलं म्हणजे जबाबदारी गेली?

इथेच सगळ्यात मोठा गैरसमज आहे. तीन खऱ्या घटना बघा.

१० मार्च २०२१. फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग शहरात ओव्हीएच या मोठ्या कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, एक अख्खी इमारत जळाली. ज्यांनी स्वतःची वेगळी प्रत ठेवली नव्हती, अशा अनेक ग्राहकांचा डेटा कायमचा गेला. एका ग्राहकाने तर बॅकअपसाठी वेगळे पैसे भरले होते. त्याची बॅकअपची प्रतही त्याच इमारतीत होती! प्रकरण कोर्टात गेलं, भरपाईचा आदेशही झाला. पण भरपाईने डेटा परत येत नाही. माझ्या बॅगेतल्या पेन ड्राइव्हची हीच गोष्ट, फक्त मोठ्या प्रमाणावर.

३१ जुलै २०२४. सी-एज या कंपनीच्या यंत्रणेवर रॅन्समवेअरचा हल्ला झाल्याचं समोर आलं. ही कंपनी छोट्या बँकांना तंत्रज्ञान पुरवते. खबरदारी म्हणून तिला पेमेंटच्या जाळ्यातून तात्पुरतं तोडण्यात आलं, आणि देशातल्या सुमारे ३०० सहकारी आणि ग्रामीण बँकांच्या ग्राहकांचे यूपीआयसारखे व्यवहार अडले. दुसऱ्या दिवशी सेवा पूर्ववत झाली. या बँकांवर थेट हल्ला झाला नव्हता, तरी त्या थांबल्या. सेवा देणाऱ्याचं संकट हे तुमचंही संकट असतं.

मे २०२४. ऑस्ट्रेलियातला युनिसुपर हा पेन्शन फंड, सहा लाखांवर सभासद. गूगल क्लाउडवरच्या एका सेटिंगच्या चुकीमुळे त्यांचं क्लाउडवरचं खातंच पुसलं गेलं. सेवा आठवडाभराहून जास्त विस्कळीत राहिली. पण त्यांनी एक प्रत दुसऱ्या कंपनीकडे ठेवली होती, आणि उभं राहायला ती कामी आली.

मोठ्यातली मोठी कंपनीही चुकते. म्हणून साठवणूक खुशाल बाहेर द्या, पण एक प्रत नेहमी स्वतःच्या ताब्यात.

करार करण्याआधी विचारायचे सात प्रश्न

उत्तरं तोंडी घेऊ नका. "मेलवर पाठवा" म्हणा.

१. माझा डेटा कोणत्या शहरात असेल, आणि दुसरी प्रत कोणत्या शहरात? "क्लाउडवर" हे उत्तर नाही.

२. बॅकअप या पैशांत धरलेला आहे का? सर्व्हर भाड्याने देणं आणि बॅकअप घेणं ही दोन वेगळी कामं. अनेक स्वस्त पॅकेजमध्ये दुसरं नसतंच.

३. किती दिवस मागचा डेटा परत मिळेल? काल चुकलं तर ठीक, पण चूक दोन महिन्यांनी लक्षात आली तर?

४. बंद पडलं तर किती तासांत चालू करून द्याल? रविवारी फोन कोण उचलेल? कॉसमॉसची तारीख आठवा. संकट सुट्टी बघून येतं.

५. खातं कोणाच्या नावावर? डोमेन, हॉस्टिंग, ईमेल, क्लाउड, सगळं मालकाच्या नावाने, मालकाच्या मेल आयडीवर आणि मालकाच्या मोबाइलवर. वेबसाइट करून देणाऱ्या मुलाच्या नावावर खातं ठेवून मग त्याला शोधत फिरणारे उद्योजक मी स्वतः बघितलेत.

६. मला सोडून जायचं असेल तर? डेटा कोणत्या स्वरूपात मिळेल, किती दिवसांत, त्याचे वेगळे पैसे का? बिल थकलं तर किती दिवसांनी पुसता? लग्न ठरवतानाच घटस्फोटाचं विचारायला संकोच वाटतो, पण इथे विचारा.

७. माझा डेटा तुमच्याकडचं कोण कोण बघू शकतं? तुमचे दर आणि तुमची गिऱ्हाइकं हीच तुमची कमाई. गोपनीयतेचं कलम करारात हवं.

सातपैकी चार प्रश्नांना "काळजी करू नका, आम्ही आहोत ना" असं उत्तर आलं, तर चहा प्या आणि निघा.

कायदा काय म्हणतो?

थोडक्यात, पण महत्त्वाचं.

जीएसटी: हिशेबाची कागदपत्रं संबंधित वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. आणि सीजीएसटी नियम ५७ सांगतो, की इलेक्ट्रॉनिक नोंदींचा बॅकअप असा हवा, की अपघाताने किंवा नैसर्गिक कारणाने मूळ नोंदी नष्ट झाल्या तरी वाजवी वेळात माहिती परत आणता येईल. म्हणजे "मशीन जळालं साहेब" हे सांगून सुटका नाही.

प्रायव्हेट लिमिटेड असाल तर: ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीनुसार इलेक्ट्रॉनिक हिशेबाचा बॅकअप रोज, आणि तो भारतात असलेल्या सर्व्हरवर ठेवायचा आहे. सीएला विचारून खात्री करा.

गिऱ्हाइकांची माहिती: डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. त्यातला आपल्यासाठीचा मुद्दा हा, की माहिती दुसऱ्या कंपनीकडून सांभाळून घेतली तरी उत्तरदायी तुम्हीच.

विमा: आगीचा किंवा पुराचा विमा असेल, तर दाव्याच्या वेळी सर्व्हेअर विचारतो, "दुकानात माल किती होता?" दाखवायला लागतं स्टॉक रजिस्टर, खरेदीची बिलं. ते मालाबरोबरच जळालं असेल, तर हप्ते भरूनही दावा सिद्ध करताना दमछाक होते. म्हणजे बॅकअप हा तुमच्या विम्याचाही विमा आहे. पॉलिसीची प्रतही दुकानाबाहेर ठेवा, आणि हिशेबाच्या वह्या आणि कॉम्प्युटरमधला डेटा तिच्यात धरलाय का हे एजंटला विचारा.

एक पानी आराखडा

आता कागद घ्या आणि लिहा.

अ. माणसं आधी. पाणी किंवा आग दिसली तर मेन स्विच कोण बंद करणार, सगळ्यांनी कुठे जमायचं. कॉम्प्युटर वाचवायला कोणीही आत जायचं नाही. डेटा बाहेर आहे, हे माहीत असलं की माणूस मशीनसाठी जीव धोक्यात घालत नाही.

आ. फोन नंबर. अग्निशमन १०१, सायबर फसवणुकीसाठी १९३०, महावितरण, विमा एजंट, सीए, कॉम्प्युटर दुरुस्तीवाला, डेटा सेवा देणारा, पहिली पाच गिऱ्हाइकं. हे कागदावर, कारण मोबाइलही बुडू शकतो.

इ. डेटाच्या प्रती. काय, कुठे, किती वेळा, कोण घेतं. प्रत्येक ओळीसमोर एका माणसाचं नाव. "सगळे मिळून" असं लिहिलं, की कोणीच घेत नाही.

ई. किल्ल्या. खात्यांचे पासवर्ड आणि ओटीपीचा मोबाइल हरवला तर वापरायचे राखीव कोड, बंद पाकिटात, घरच्या एका विश्वासू माणसाकडे. मालक आजारी पडला तर पाकीट कोण उघडणार, तेही लिहा.

उ. पहिले तीन दिवस. बिल कशावर करणार, काम कुठून करणार, गिऱ्हाइकांना निरोप कोण देणार. छापील बिलबुक एक तरी ठेवाच.

या पानाच्या तीन प्रती काढा: दुकानात, घरी, आणि मेलवर.

रंगीत तालीम केल्याशिवाय पडदा उघडू नका

गावाकडे पावसाळ्याच्या आधी घर शाकारून घेतात. पाऊस सुरू झाल्यावर कोणी छपरावर चढत नाही. तसंच आपण दोन तारखा ठरवू या.

पहिली, १ जून. त्या दिवशी दुसऱ्याच एका लॅपटॉपवर आपला बॅकअप उघडायचा. घड्याळ लावा. मागच्या आठवड्यातलं एक बिल आणि एका गिऱ्हाइकाची बाकी शोधून दाखवायची. किती वेळ लागला तो लिहा. पहिल्या वेळी काहीतरी अडणारच. पासवर्ड आठवणार नाही, फाइल उघडणार नाही, तारीख तीन महिने जुनी निघेल. अडू द्या. तालमीत अडलेलं बरं.

दुसरी, दिवाळीतल्या वहीपूजनाच्या आदल्या दिवशी. आपण वहीला हळद-कुंकू वाहतो, कारण लक्ष्मी त्या वहीत राहते असं आपण मानतो. आता ती वही कॉम्प्युटरमध्ये गेली आहे. पूजा तिची करतोच, तर एक दिवस आधी तिची प्रत उघडून बघायला हरकत काय?

आणि आज, हा लेख वाचून झाल्यावर एवढंच करा. उधारीची यादी काढा, तिच्यावर आजची तारीख टाका आणि दुकानापासून लांब राहणाऱ्या, विश्वासातल्या माणसाला पाठवून द्या. दहा मिनिटांचं काम आहे. मला माझ्या वेळी ही दहा मिनिटं सापडली नाहीत, आणि पुढचे दोन महिने मी विद्यार्थ्यांना फोन करत बसले होते.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत धंदा जोरात, आणि बॅकअप दुसऱ्या जागी!